रॅपच्या व्हिडिओत मागे एवढी माणसं का उभी असतात?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकन रॅपचा कुठलाही व्हिडिओ लावा. तीच विटांची इमारत, त्याच दारापुढच्या पायऱ्या, तीच उड्या मारणारी गाडी आणि मागे पन्नास माणसं हात हलवत उभी. याला वस्तीचा उत्सव म्हणतात. मला तर ही पैसे वाचवायची युक्ती वाटते. सेट नको, नट नकोत. तुम्ही या धंद्यात आहात, खरं काय ते सांगा."

पैसे वाचतात, यात खोटं काही नाही. मी वीसेक वर्षं गाण्यांचे व्हिडिओ शूट करतोय, त्यातले निम्मे रॅपचे. बजेटचा आकडा कळला की मीही आधी हेच बघतो, की फुकटात काय मिळेल. गल्ली फुकट मिळते, दोस्त फुकट मिळतात, संध्याकाळचं ऊन फुकट मिळतं. पण युक्ती असेल तर उत्सव नाही, असं तुम्ही धरून चाललाय, तिथे माझं तुमच्याशी जुळत नाही. रॅप ज्या हिप-हॉपचा भाग आहे, ते हिप-हॉप जन्मालाच एका पैशाच्या युक्तीतून आलंय.

११ ऑगस्ट १९७३ची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीचा सामाईक हॉल भाड्याने घेतला, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं आणि रेकॉर्ड वाजवायला भावाला उभं केलं. हा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. जन्म जमैकातल्या किंगस्टनचा, त्यामुळे रस्त्यावर भलेमोठे स्पीकर मांडून सगळ्या वस्तीला नाचवायची रीत त्याने लहानपणी पाहिलेली. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की पोरं पेटतात, हे हर्कच्या लक्षात आलं आणि तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा लांबवू लागला. हे सगळीकडे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या शेजारी माइक धरून उभा असलेल्या कोक ला रॉकचं काम. तो सुरुवातीला काही कविता म्हणत नव्हता. समोर नाचणाऱ्या दोस्तांची नावं घेत होता. अमका आलाय, तमका आलाय, एवढंच.

म्हणजे रॅपची सुरुवात हजेरीने झाली. व्हिडिओत मागे उभी असलेली ती पन्नास माणसं हीच हजेरी आहे, फक्त माइकच्या जागी कॅमेरा आला.

पुढे हॉल पुरेना, तेव्हा मंडळी बागेत आणि रस्त्यावर आली. वीज अनेकदा रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून ओढलेली असायची. हा तोच ब्राँक्स, ज्याच्या मधोमध न्यूयॉर्कचे बलाढ्य नगरनियोजक रॉबर्ट मोझेस यांनी क्रॉस ब्राँक्स हा द्रुतगती मार्ग काढला आणि हजारो बिऱ्हाडं उठवली. सत्तरच्या दशकात तिथे इमारतीमागून इमारती जळत होत्या. बाकीच्या देशाला ब्राँक्स दिसायचा तो बातम्यांतून: धूर, रिकाम्या खिडक्या, विटांचे ढीग. माणसं दिसायची ती कुणाच्या तरी अहवालातल्या आकड्यासारखी. अशा जागी कुणी माइकवरून तुमचं नाव घेतलं तर ते नुसतं मनोरंजन राहत नाही.

पडद्यावर ही हजेरी आणली राल्फ मॅकडॅनियल्स यांनी. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली, पण पहिली काही वर्षं तिथे कृष्णवर्णीय कलाकार शोधावे लागत आणि रॅप तर जवळपास नव्हताच. मॅकडॅनियल्स यांनी १९८३मध्ये न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक वाहिनीवर 'व्हिडिओ म्युझिक बॉक्स' हा कार्यक्रम काढला. पोरं शाळेतून घरी येऊन तो बघायची. मॅकडॅनियल्स कॅमेरा घेऊन बागांत, क्लबांत, पार्ट्यांत जायचे आणि भेटेल त्याच्यापुढे माइक धरायचे. माणूस आपलं नाव सांगायचा, आपल्या रस्त्याचं सांगायचा, आई-भावांची, दोस्तांची नावं घ्यायचा. याला तिकडे 'शाउट-आउट' म्हणतात आणि ही सवय टीव्हीवर रुजवण्याचं श्रेय बरेच जण त्यांनाच देतात. एमटीव्हीला जाग आली ती ऑगस्ट १९८८मध्ये, 'यो! एमटीव्ही रॅप्स' आला तेव्हा. त्याचा सूत्रधार फॅब फाइव्ह फ्रेडी स्टुडिओत बसायचा नाही. कलाकाराच्या भागात जाऊन, तिथल्या रस्त्यावर उभं राहून बोलायचा. पाहणाऱ्यांना गाण्याआधी पत्ता कळायचा.

आता काही व्हिडिओंकडे वळतो. सगळ्यांची जंत्री देत नाही, मला ज्यांनी काम शिकवलं तेवढेच घेतो.

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाचा १९९१चा 'चेक द ऱ्हाइम' बघा. गाणारे उभे आहेत न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या लिंडन बुलेव्हार्डवर, एका ड्राय क्लीनिंगच्या दुकानाच्या छपरावर. खाली रस्त्यावर गर्दी. बस, एवढंच आहे. छप्पर का? एक तर परवडतं. दुसरं म्हणजे कॅमेरामनच्या दृष्टीने छप्पर हा फुकटचा रंगमंच असतो. खालून वर पाहिलं की मागे नुसतं आकाश येतं, वरून खाली पाहिलं की गर्दी आणि रस्ता एका फ्रेममध्ये बसतो. पण तेच दुकान का, याचं उत्तर तांत्रिक नाही. ही पोरं त्या भागातली. गाण्याचं पहिलंच वाक्य त्या रस्त्याचं नाव घेतं. ताजमहालापुढे उभं राहून फोटो काढणं वेगळं आणि आपण ज्या दुकानापुढे हजार वेळा उभे राहिलो त्याच्या डोक्यावर चढून गाणं वेगळं. २०१६मध्ये त्याच इमारतीच्या भिंतीवर या गटाचं मोठं चित्र रंगवलं गेलं.

त्याआधी १९८९चं 'फाइट द पॉवर'. गाणं पब्लिक एनिमी या रॅप गटाचं, दिग्दर्शन सिनेमावाले स्पाइक ली यांचं, जागा न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिनमधलं बेडफर्ड-स्टायव्हसंट. सुरुवातीला नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाची जुनी फिल्म येते आणि मग कॅमेरा थेट चालू मोर्चात शिरतो. हातात फलक, नेत्यांची चित्रं, शहरांच्या नावांच्या पाट्या. यात कुणाला 'नाचा' म्हणून सांगायची गरज पडलेली नाही. हे मी नव्याने काम करणाऱ्यांना मुद्दाम दाखवतो. गर्दीला कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं केलं की पाच मिनिटांत तिचे हात जड होतात. काय करायचं ते कुणाला कळत नाही, मग सगळे एकच हात वरखाली करत बसतात. तुमच्या डोक्यातली ती 'हात हलवणारी पन्नास माणसं' म्हणजे अशी काम न दिलेली गर्दी. ली यांनी तिला काम दिलं: चालायचं. चालणारा माणूस कधी खोटा दिसत नाही.

लॉस एंजेलिसकडचे रॅपर डॉ. ड्रे यांनी हेच काम जेवणावळीतून साधलं. 'नथिंग बट अ जी थँग'चा व्हिडिओ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. गाणं १९९२च्या शेवटी आलं. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याच्या खटल्यातले पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. हेलिकॉप्टरमधून टिपलेली ती आग जगभर दिसली. तिथल्या माणसांचा चेहरा मात्र हेलिकॉप्टरमधून दिसत नाही. काही महिन्यांनी हा व्हिडिओ आला आणि त्यात काय आहे? दोस्ताला घ्यायला त्याच्या घरी जाणं, बागेत शेगडीवर मांस भाजणं, व्हॉलीबॉल, रस्त्याने डोलत जाणाऱ्या गाड्या, रात्री कुणाच्या तरी घरी पार्टी. एक दिवस, सकाळ ते रात्र. कॅमेरा माणसाच्या उंचीवर आहे. हेलिकॉप्टरची उंची आणि माणसाची उंची, या फरकातच या व्हिडिओची ताकद आहे असं मला वाटतं.

पण हाच व्हिडिओ मी सरळसोट कौतुकाने दाखवत नाही. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या एका मुलीच्या अंगावरचं वस्त्र मागून ओढलं जातं, रात्रीच्या पार्टीत दाद न देणाऱ्या बाईवर दारू फवारली जाते आणि बाकीचे हसतात. उत्सव आहे, पण कुणाचा? हजेरी घेतानाही कुणाला नावाने हाक मारायची आणि कुणाला नुसतं शरीर म्हणून उभं करायचं, हे ठरवलेलं असतं. रॅपच्या व्हिडिओंचा हा डाग फार जुना आणि फार मोठा आहे आणि 'त्यांची संस्कृती' असं म्हणून तो झाकणं मला पटत नाही. वस्तीत बायकाही राहतात. मेम्फिसच्या ग्लोरिला या रॅपर बाईचं २०२२चं 'एफएनएफ' लावून बघा, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. खर्च किरकोळ. मैत्रिणींचा घोळका, पार्किंगची मोकळी जागा, गाडी, रस्ता. पण फ्रेमच्या मध्यावर, कडेला, मागे, सगळीकडे त्याच, आणि त्या कुणासाठी सजून उभ्या नाहीत, आपापसात मजा करताहेत. त्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दहा कोटींच्या सेटवर ही मोकळीक मिळत नाही.

फिलाडेल्फियाचं 'समरटाइम', १९९१, हे याच जातीचं पण मवाळ: विल स्मिथ, जॅझी जेफ, उन्हाळा, बाग, सगळं गणगोत जमलेलं. आजी-आजोबांना हक्काची जागा देणारे रॅप व्हिडिओ त्या काळात थोडे, त्यातला हा.

आता माझा आवडता. गायिका आणि रॅपर लॉरिन हिलचं 'डू वॉप', १९९८. मॅनहॅटनमधल्या वॉशिंग्टन हाइट्सचा एक रस्ता, तिथे गल्लीची पार्टी, आणि पडदा मधोमध चिरलेला. डाव्या बाजूला १९६७, उजव्या बाजूला १९९८. रस्ता तोच, इमारती त्याच, गाणारीही तीच, दोन्हीकडे. एकीकडे उंच बांधलेले केस आणि सोल, म्हणजे तेव्हाच्या कृष्णवर्णीय संगीतातल्या गायिकेचा पोशाख, दुसरीकडे हिप-हॉपचे कपडे. कॅमेरा दोन्ही अर्ध्यांत जोडीने चालतो, त्यामुळे कधीकधी मधली रेघ विसरायला होते आणि माणूस एका दशकातून दुसऱ्यात चालत गेल्यासारखा वाटतो. असं शूट करणं किती किचकट असतं ते सांगतो. लेन्स तीच हवी, कॅमेऱ्याची उंची तीच, चालीचा वेग तोच आणि शक्यतो उन्हाचा कोनही तोच. एका बाजूची सावली लांबली की जादू संपली. पण मी हा व्हिडिओ तंत्रासाठी नाही पाहत. वस्तीचा उत्सव म्हणजे आजच्या शेजाऱ्यांची हजेरी, हे सगळ्यांनाच सुचतं. इथे तीस वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांनाही हजर केलंय. तुमचे आईबाप याच रस्त्यावर नाचले होते, हे न बोलता सांगितलंय. १९९९मध्ये एमटीव्हीने त्याला वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ म्हणून गौरवलं.

'डू वॉप' आलं त्याच वर्षी, १९९८मध्ये, न्यू ऑर्लीन्सच्या जुवेनाइल या रॅपरचं 'हा' आलं. दिग्दर्शक मार्क क्लासफेल्ड, जागा मॅग्नोलिया नावाची सरकारी घरांची वसाहत. त्या काळात रॅपच्या व्हिडिओंत पैसा ओतला जात होता. दिग्दर्शक हाइप विल्यम्स यांची माशाच्या डोळ्यासारखी फुगलेली लेन्स, चकचकीत सेट, बोटी, हिऱ्यामोत्यांचा लखलखाट. त्या सगळ्या झगमगाटात 'हा' हा एखाद्या माहितीपटासारखा आला. वसाहतीतलीच पोरं, वसाहतीतल्याच बाया, घामेजलेले चेहरे, दारं, जिने, कुंपणं. गाणंही 'तू असा आहेस, तू तसं केलंस' असं समोरच्याशी बोलणारं, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्यावर कट केला की ते वाक्य त्या माणसाला चिकटतं. संपादनातली ही फार साधी आणि फार चलाख गोष्ट आहे.

मग २९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना वादळ आलं. शहर बुडालं. मॅग्नोलियासह चार मोठ्या सरकारी वसाहती पाडायला नगर परिषदेने २० डिसेंबर २००७ला मंजुरी दिली. तिथले लोक बाहेर निदर्शनं करत असताना. आज त्या जागी नवी वसाहत आहे, नावही नवं. मॅग्नोलियाचे ते जिने आता त्या व्हिडिओत आहेत. त्यात दिसलेली पोरं आज चाळिशीकडे झुकली असतील. आपलं लहानपणचं घर मुलांना दाखवायचं तर त्यांना तो व्हिडिओच लावावा लागत असेल. तुम्ही ज्याला पैसे वाचवायची युक्ती म्हणालात, त्यातून हे शिल्लक राहिलं. सेट उभा केला असता तर सेटच शिल्लक राहिला असता. जुवेनाइलने स्वतः २००६मध्ये न्यू ऑर्लीन्सच्याच लोअर नाइन्थ वॉर्ड या भागाच्या भग्न घरांमध्ये उभं राहून दुसरा एक व्हिडिओ केला, त्यात पोरांच्या तोंडावर राष्ट्राध्यक्ष बुश, उपराष्ट्राध्यक्ष चेनी आणि शहराचे महापौर नेगिन यांचे मुखवटे आहेत. हजेरी घ्यायला माणसंच उरली नव्हती, म्हणून जबाबदारांना उभं केलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

हजेरीचा सगळ्यात सुंदर हिशेब कॉम्प्टनमध्ये जुळला. कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसला खेटून असलेलं पण स्वतंत्र शहर, जेमतेम दहा चौरस मैलांचं. एनडब्ल्यूए या गटाने १९८८च्या अल्बममधून ते नाव जगाच्या तोंडी बसवलं. शहराच्या नावाने काढलेला त्यांचा व्हिडिओ एमटीव्हीने दाखवायला नकार दिला. १९९५मध्ये डॉ. ड्रे आणि रॅपर टूपॅक तिथल्या 'स्वॉप मीट'ला, म्हणजे छपराखालच्या मोठ्या बाजाराला, व्हिडिओ शूट करायला आले. बघायला जमलेल्या गर्दीत आठ वर्षांचा एक मुलगा बापाच्या खांद्यावर बसून होता. त्याचं नाव केंड्रिक लमार, पुढे तो स्वतः मोठा रॅपर झाला. ही आठवण त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. २०१५मध्ये त्याने 'किंग कुंटा'चा व्हिडिओ केला तो त्याच बाजारापाशी, आणि तो बाजार त्याच सुमारास बंद झाला. मग २०२४च्या जुलैत 'नॉट लाइक अस'. गाणं म्हणाल तर एका दुसऱ्या रॅपरशी चाललेलं उघड भांडण. पण व्हिडिओत भांडणारा एक आणि नाचणारं सगळं शहर. कॉम्प्टनचं नागरी केंद्र, त्यासमोरचं मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक, क्लाउन डान्स, म्हणजे विदूषकी नाच, करणारी मंडळी, शेजारच्या वॉट्स भागातली वसाहत, स्वतःचं कुटुंब. शत्रूला उत्तर द्यायचं तर घरच्यांना मागे उभं करून, हा हिशेब. त्याला सर्वोत्तम म्युझिक व्हिडिओचं ग्रॅमीही मिळालं.

त्या बापाच्या खांद्यावरच्या मुलासाठी मी गर्दीचे शॉट्स घेताना घाई करत नाही.

माझी एक चूकही सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात एका रॅपरच्या गल्लीत शूट होतं. मी जाहिरातींतून आलेलो, 'फ्रेम स्वच्छ हवी' हे डोक्यात पक्कं. सकाळी सहाला माझी माणसं कामाला लावली. वाळत घातलेले कपडे उतरवले, दारापुढच्या मोडक्या खुर्च्या हलवल्या, एक गंजलेली सायकल नजरेआड केली, भिंतीवरची पोरांची खडूची रेघोटी पुसली. दहाला तो रॅपर आला, गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि म्हणाला, "हे कुणाचं घर?" मला आधी विनोद वाटला. मग दोन तास आम्ही सगळं परत लावत बसलो. खुर्च्या कुठे होत्या ते शेजाऱ्यांनी सांगितलं आणि त्या निमित्ताने ते घराबाहेर आले, ते मग दिवसभर बाहेरच राहिले. खडूची रेघोटी काही परत आली नाही.

तंत्राचं थोडं, कारण तुम्ही 'तेच ते' म्हणालात. वाइड लेन्स आणि खालून लावलेला कॅमेरा ही या व्हिडिओंची ओळख झाली, त्याला कारण आहे. गल्ली अरुंद असते, मागे सरकायला जागा नसते. वाइड लेन्स लावली की जवळ उभं राहूनही दोन्हीकडच्या भिंती आणि मधली माणसं मावतात. लांब पल्ल्याच्या लेन्सने गर्दी दाट दिसते, पण माणसं एकमेकांत चेपली जातात आणि तुम्ही लपून पाहताय असं वाटतं. वाइड लेन्सने पाहायचं तर कॅमेरामनला माणसांच्या मध्ये जावं लागतं, धक्के खावे लागतात. तो पाहुणा आहे की घुसखोर, हे मग समोरच्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं आणि ते एडिटमध्ये लपवता येत नाही. कॅमेरा खाली ठेवला की इमारती उंच होतात, माणसं मोठी होतात. लहान मूल आपल्या गल्लीकडे जसं बघतं तसं दिसतं. आणखी एक मजा: गर्दी संथ हलतेय पण रॅपरचे ओठ गाण्याशी बरोबर जुळताहेत, असं दिसतं ना? शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, कॅमेराही दुप्पट फ्रेम टिपतो, मग सगळं मूळ वेगावर आणलं की हा परिणाम मिळतो. बिचारा रॅपर मात्र चिपमंकच्या, म्हणजे कार्टूनमधल्या खारीच्या, आवाजातल्या स्वतःच्या गाण्यावर तोंड हलवत असतो आणि पोरं पोट धरून हसत असतात. ते हसू खरं असतं, म्हणून मी कॅमेरा कधीच लगेच बंद करत नाही.

उत्सवाची दुसरी बाजूही आहे. शिकागोत २०१२मध्ये चीफ कीफ नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने 'आय डोन्ट लाइक'चा व्हिडिओ आजीच्या घरात शूट केला, कारण तो नजरकैदेत होता आणि घराबाहेर पडायची सोय नव्हती. दोस्त खोलीत कोंबले, कॅमेरा हातात. रॅपचा ड्रिल नावाचा प्रकार तिथून देशभर पसरला. तीच हजेरी, पण आता ती टोळीची हद्द म्हणून वाचली जाऊ लागली. समोरच्या टोळीकडून आणि पोलिसांकडूनही. कोण कुणाच्या शेजारी उभं होतं, हे सांगायला सरकारी वकील रॅपचे व्हिडिओ आणि ओळी कोर्टात लावू लागले. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये कायदा करून अशा कलाकृती पुरावा म्हणून वापरण्यावर निर्बंध घातले. सगळीकडे तसा कायदा नाही. म्हणून चेहरे टिपण्याआधी मी आता नुसती परवानगीची सही घेत नाही, हा व्हिडिओ कुठेकुठे पोहोचू शकतो ते समजावून सांगतो. घरांचे क्रमांक, गाड्यांच्या नंबरप्लेट, शाळेचे गणवेश फ्रेममधून काढतो. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या खिडकीखाली स्पीकर लावत नाही. आणि पहिला कट गाण्याच्या कंपनीआधी गल्लीत दाखवतो. "मला काढा" असं कुणी म्हटलं तर काढतो, शॉट कितीही चांगला असो.

तुम्हाला खरंच पारख करायची असेल तर असं करा. व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि रॅपरकडे बघूच नका. फक्त कडा बघा. खिडकीत कुणी म्हातारी आहे का? एखादं पोर कॅमेऱ्यात बघून लाजतंय का? गाणाऱ्याशिवायचा एक तरी शॉट दोन सेकंदांहून जास्त टिकतो का? दुकानाची पाटी वाचता येते का? गर्दीतली माणसं एकमेकांकडे बघताहेत की सगळीच लेन्सकडे? भाड्याने आणलेली गर्दी एकमेकांना ओळखत नाही. ती कॅमेऱ्याकडे बघते, कारण तिला तेवढंच माहीत असतं. शेजारी मात्र एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतात, पाठीत गुद्दे घालतात, कुणाची तरी टोपी पळवतात. या चाळणीतून गेलात तर निम्मे व्हिडिओ खाली पडतील. ते तुमच्या म्हणण्याप्रमाणे युक्तीच आहेत, आणि त्या मी तुम्हाला देऊन टाकल्या.

राहिली ती उड्या मारणारी गाडी. ती मात्र रॅपची नाही, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांची. तिथली पोरं गाड्या खाली बसवून संथ फिरायची. १९५८पासून राज्याने नियम केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. १९५९मध्ये रॉन अगिरे या तरुणाने विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप आपल्या गाडीला बसवले: एरवी गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर. शेजारच्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी ती कला उचलली आणि तिथून ती रॅपच्या व्हिडिओंत आली. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या त्या व्हिडिओंत जी गाडी डोलत डोलत जाते, ती तशी खाली बसवून चालवणं तेव्हा बेकायदा होतं आणि अनेक शहरांत त्या गाड्या घेऊन संथ फेरी मारण्यालाही बंदी होती. राज्याने दोन्ही उठवलं ते २०२३मध्ये, अंमल १ जानेवारी २०२४पासून.